गुणसूत्रांतील रचनाबदल आणि जनुकांची सक्रियता : 'सीमा' या संकल्पनेची चिकित्सा

बीजसंज्ञा : गुणसूत्र, रचनाबदल, स्थानप्रभाव, एन्हान्सर, टॅड, थॅलेसेमिया

प्रास्ताविक

जनुक म्हणजे काय आणि ते कोणते प्रथिन घडविते, या प्रश्नांनी विसाव्या शतकातील आनुवंशिकीचे लक्ष दीर्घकाळ वेधून घेतले. जनुक गुणसूत्रावर कोठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे आणि तो शेजार बदलला तर जनुकाच्या वर्तनात कोणता फरक पडतो, हा प्रश्न मात्र तुलनेने मागे पडला. वस्तुतः तोही तितकाच जुना आहे. मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्णत्वास गेल्यानंतर तो नव्याने पुढे आला, एवढेच.

गुणसूत्राचा एखादा तुकडा गळून पडणे म्हणजे लोप, तोच तुकडा दोनदा येणे म्हणजे द्विरुक्ती, तो उलट दिशेने जोडला जाणे म्हणजे व्युत्क्रम आणि एका गुणसूत्राचा भाग दुसऱ्यास जाऊन मिळणे म्हणजे स्थानांतरण. साधारणतः ५० बेसजोड्यांपेक्षा मोठ्या अशा बदलांना 'रचनाबदल' या एका संज्ञेखाली घेण्याचा प्रघात आहे. यांपैकी काही बदल जनुकालाच छेदून जातात. त्यांचा परिणाम समजावून घेण्यास फारसे सायास पडत नाहीत. अभ्यासकांपुढील खरा पेच वेगळा आहे. जनुक शाबूत आहे, त्याच्या क्रमात एकही अक्षर बदललेले नाही, आणि तरीही ते नको त्या ठिकाणी जागे होते किंवा हवे तेथे गप्प राहते. असे का व्हावे?

या प्रश्नाला २०१२ नंतर एक आकर्षक उत्तर मिळाले. गुणसूत्र हे स्वतंत्र प्रक्षेत्रांत विभागलेले असून प्रत्येक प्रक्षेत्राला सीमा असते. रचनाबदलाने ही सीमा मोडली की एका प्रक्षेत्रातील नियंत्रक शेजारच्या प्रक्षेत्रातील जनुकावर ताबा मिळवितो आणि व्याधी उद्भवते. हे उत्तर पाठ्यपुस्तकांत आले, परिसंवादांत आले आणि काही ठिकाणी निदान-अहवालांच्या भाषेतही शिरले. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा केली आहे. काही प्रकरणांत ते निर्विवाद खरे आहे. परंतु त्याला सर्वसाधारण नियमाचे स्थान देणे उपलब्ध पुराव्यास धरून नाही, अशी येथील मांडणी आहे.

माशीच्या डोळ्यापासून मानवी कर्करोगापर्यंत

१९२५ मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी ड्रॉसोफिला या फळमाशीच्या 'बार' नावाच्या विकृतीवर निबंध प्रसिद्ध केला. या विकृतीत माशीचा गोल डोळा अरुंद पट्टीसारखा होतो. मादीच्या सामान्य डोळ्यात सुमारे ७७९ नेत्रिका असतात. दोन्ही एक्स गुणसूत्रांवर एकेक बार असलेल्या मादीत त्या सुमारे ६८ उरतात. परंतु एकाच गुणसूत्रावर दोन्ही बार आणि दुसरे गुणसूत्र सामान्य, अशी मांडणी असेल तर नेत्रिका ४५ इतक्याच राहतात. द्रव्य तेच, परिमाण तेच, केवळ मांडणी निराळी. आणि परिणामात हा फरक. स्टर्टेव्हंट यांनी त्याला 'स्थानप्रभाव' म्हटले. पुढे १९३६ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी माशीच्या लाळग्रंथीतील महाकाय गुणसूत्रे तपासून बार ही मुळात गुणसूत्राच्या एका छोट्या भागाची द्विरुक्ती असल्याचे दाखविले. म्हणजे वरील दोन्ही माद्यांत त्या भागाच्या एकूण चारच प्रती होत्या. एकीत त्या दोन आणि दोन अशा, तर दुसरीत तीन आणि एक अशा वाटल्या गेल्या होत्या.

दरम्यान १९३० मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांचा मारा करून गुणसूत्रे मोडली. काही माश्यांचे डोळे तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांचे निघाले. डोळ्याला रंग देणारे जनुक त्यांत नष्ट झाले नव्हते. व्युत्क्रमामुळे ते गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाजवळ जाऊन पडले होते. काही पेशींत ते दडपले गेले, काहींत नाही. एकाच माशीच्या एकाच डोळ्यात, एकच रचनाबदल असताना, दोन शेजारी पेशी वेगळे वागतात, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मानवाच्या बाबतीत गुणसूत्रांची संख्या ४६ असल्याचे निश्चित व्हावयास १९५६ साल उजाडावे लागले. त्यानंतर १९६० मध्ये पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगात आखूड झालेले 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' आढळले, आणि १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ते ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांतील अदलाबदलीचे फलित असल्याचे सिद्ध केले. तेथे दोन जनुकांचे तुकडे जुळून एक नवेच प्रथिन तयार होते. बर्किट लिम्फोमा या कर्करोगातील प्रकार याहून भिन्न आहे. ८ व १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांतील स्थानांतरणामुळे मिक हे जनुक प्रतिपिंडे घडविणाऱ्या जनुकांच्या नियंत्रकाखाली येते, हे १९८२ मध्ये स्पष्ट झाले. बी-पेशींत तो नियंत्रक अखंड कार्यरत असल्याने मिक जनुकही अनिर्बंध चालू राहते. वस्तू जुनीच असते. तिचा धनी बदलतो.

या दोन्ही उदाहरणांची पाठ्यपुस्तकांत एकाच परिच्छेदात सांगड घातलेली दिसते, ती खटकते. पहिल्यात बदल वस्तूत आहे, दुसऱ्यात वस्तूच्या वापरात. रचनाबदल जनुकांच्या सक्रियतेवर कसा प्रभाव टाकतात, या प्रश्नाचा खरा प्रांत दुसऱ्या उदाहरणापासून सुरू होतो.

थॅलेसेमियाची साक्ष

सीमांचा सिद्धांत मांडला जाण्यापूर्वी तीन दशके या प्रांताचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो हिमोग्लोबिनच्या जनुकांवर. आज या विषयावरील लेखनात या अभ्यासाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. ही उपेक्षा अनाठायी आहे. कारण नंतरच्या बहुतेक वादांची उत्तरे तेथे बीजरूपाने आढळतात.

११ व्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिन समूहातील जनुके ओळीने आहेत : एप्सिलॉन, जी-गॅमा, ए-गॅमा, डेल्टा आणि बीटा. गर्भावस्थेत गॅमा जनुके काम करतात, जन्मानंतर काही महिन्यांत ती मंदावतात आणि बीटा जनुक सूत्रे हाती घेते. १९८० मध्ये एका डच कुटुंबात असा लोप वर्णिला गेला की ज्यात बीटा जनुक स्वतः जसेच्या तसे होते, परंतु त्याच्या वरच्या बाजूचा सुमारे एक लाख बेसजोड्यांचा प्रदेश नाहीसा झाला होता. बीटा जनुक अक्षत असूनही मूक होते. १९८३ मध्ये या जनुकाचा सविस्तर अभ्यास झाला तेव्हा त्याच्या स्वतःच्या क्रमात दोष नसल्याचे दिसले. १९८७ मध्ये फ्रँक ग्रोसव्हेल्ड व सहकाऱ्यांनी गळालेल्या त्या प्रदेशातील सामर्थ्यशाली नियंत्रक ओळखला. म्हणजे नियंत्रकाचा शोध लागण्यापूर्वीच त्याच्या अभावाने आपले अस्तित्व जाणवून दिले होते.

दुसरे उदाहरण भारतीयांशी थेट संबंधित आहे. १९८१ मध्ये ऑक्सफर्ड येथील डेव्हिड वेदरॉल यांच्या गटाने भारतीय वंशाच्या रुग्णांतील एक चमत्कारिक रचना प्रसिद्ध केली. तीत बीटा-ग्लोबिन समूहात दोन ठिकाणी लोप झालेले आहेत : एक ए-गॅमा जनुकात, सुमारे ८०० बेसजोड्यांचा, आणि दुसरा खाली बीटा जनुकाच्या परिसरात, सुमारे साडेसात हजार बेसजोड्यांचा. या दोहोंमधील सुमारे १५ हजार बेसजोड्यांचा तुकडा उलटा जोडला गेला आहे. परिणामी ए-गॅमा, डेल्टा आणि बीटा ही तिन्ही जनुके निकामी होतात. मात्र शाबूत राहिलेले जी-गॅमा जनुक प्रौढ वयातही काम करीत राहते. आई व वडील दोघांकडूनही हीच रचना मिळालेल्या व्यक्तीच्या शरीरात सर्व हिमोग्लोबिन गर्भकालीन प्रकारचे असते आणि तरीही तिचा आजार सहसा तीव्र बीटा-थॅलेसेमियापेक्षा सौम्य असतो. मुंबईतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेने भारतीय कुटुंबांचा जो अभ्यास केला, त्यातही ही रचना वारंवार आढळली.

या उदाहरणाचे मर्म केवळ तीन जनुके गेली यात नाही. एक जनुक, ज्याने बाल्यातच विश्रांती घ्यावयाची, ते जागे राहिले यात आहे. याच समूहातील इतर लोपांशी तुलना केली की पेच अधिक गहिरा होतो. डेल्टा आणि बीटा ही जनुके गमावणारे लोप दोन प्रकारचे आढळतात. एका प्रकारात वाहक व्यक्तीतील गर्भकालीन हिमोग्लोबिन मर्यादित प्रमाणात वाढते आणि तिला डेल्टा-बीटा थॅलेसेमिया म्हटले जाते. दुसऱ्या प्रकारात ते बरेच अधिक वाढते, जवळजवळ सर्व तांबड्या पेशींत आढळते आणि व्यक्ती निरोगी असते. गमावलेली जनुके तीच! फरक आहे तो लोप कोठे सुरू झाला आणि कोठे संपला यात. वरच्या टोकाला एखादा दमनकारी तुकडा गेला की राहिला, खालच्या टोकाला दूरचा एखादा उत्तेजक नियंत्रक जवळ ओढला गेला की नाही, या दोन्ही शक्यतांची चर्चा अनेक वर्षे चालू होती. २०११ मध्ये विजय शंकरन व सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांतील लोपांची तुलना करून डेल्टा जनुकाच्या वरच्या बाजूस सुमारे साडेतीन हजार बेसजोड्यांचा एक दमनकारी प्रदेश निश्चित केला. त्याला बीसीएल११ए हे प्रथिन चिकटते. याच प्रथिनाचे तांबड्या पेशींतील उत्पादन जनुकसंपादनाने घटवून गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणारी उपचारपद्धती २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाली. ती सिकलसेल व बीटा-थॅलेसेमिया या दोन्हींसाठी आहे. विदर्भातील सिकलसेलग्रस्त कुटुंबांना तिचा लाभ कधी व कोणत्या दराने मिळेल, हा प्रश्न अर्थातच वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तिसरे उदाहरण अल्फा-ग्लोबिनचे. २००३ मध्ये क्रिस्टिना टुफारेली व सहकाऱ्यांनी १६ व्या गुणसूत्रावरील एका लोपाचे वर्णन केले. त्यात शेजारच्या एका जनुकाचा शेवट नाहीसा झाला होता. जनुकाला थांबण्याची खूण न उरल्याने त्याची प्रतिलिपी पुढे वाहत गेली, ती विरुद्ध दिशेने अल्फा-ग्लोबिन जनुकावरून, आणि परिणामी ते जनुक रासायनिक मुद्रेने कायमचे बंद झाले. येथे नियंत्रक हरवला नाही, प्रक्षेत्राची सीमाही मोडली नाही; शेजाऱ्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला, इतकेच.

एकाच व्याधिसमूहात, रक्ताच्या एकाच घटकाच्या बाबतीत, रचनाबदल जनुकावर प्रभाव टाकण्याचे निदान तीन निराळे मार्ग येथे दिसतात. त्यांना एका सूत्रात बसविण्याचा मोह अभ्यासकांनी त्या काळी टाळला, ही त्यांच्या शिस्तीची खूण होय.

सीमेचा सिद्धांत : सामर्थ्य

एन्हान्सर म्हणजे जनुकाची सक्रियता वाढविणारा डीएनएचा तुकडा. तो जनुकापासून फार दूर असू शकतो. हातापायांच्या बोटांची रचना ठरविणाऱ्या सॉनिक हेजहॉग जनुकाचा एन्हान्सर त्याच्यापासून सुमारे १० लाख बेसजोड्या अंतरावर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. इतक्या अंतरावरून नेमके आपलेच जनुक तो कसे गाठतो? मधली जनुके का वगळतो?

या प्रश्नाला गुणसूत्रांच्या त्रिमितीय मापनाने दिशा दिली. हाय-सी हे तंत्र २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये बिंग रेन आणि एडिथ हर्ड यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की सस्तन प्राण्यांची गुणसूत्रे स्वतःच्या आतच अधिक संपर्क ठेवणाऱ्या प्रक्षेत्रांत विभागलेली असतात. त्यांना संक्षेपाने 'टॅड' म्हटले जाते. टॅडच्या सीमांवर बहुधा सीटीसीएफ हे प्रथिन आढळते आणि कोहेसिन हे वलयाकार प्रथिन डीएनएचे फास ओढत तेथवर येऊन थांबते.

या कल्पनेला खरे बळ दिले ते बर्लिन येथील स्टेफान मुंडलोस यांच्या गटाने. २०१५ मध्ये दारिओ लुपिआन्येझ व सहकाऱ्यांनी हातापायांच्या बोटांत तीन निरनिराळ्या विकृती असलेल्या कुटुंबांतील रचनाबदल तपासले. सर्व बदल ईपीएचए४ या जनुकाच्या परिसरात होते, परंतु व्याधीचे कारण ते जनुक नव्हते. त्याचे एन्हान्सर निरनिराळ्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे पॅक्स३, डब्ल्यूएनटी६ आणि आयएचएच या जनुकांच्या हाती लागले होते. उंदरांत जनुकसंपादनाने तेच बदल घडविल्यावर तशाच विकृती निर्माण झाल्या. आणि सीमा शाबूत ठेवून लोप घडविला तेव्हा चुकीची सक्रियता दिसली नाही. पुढील वर्षी याच गटातील मार्टिन फ्रांके व सहकाऱ्यांनी सॉक्स९ जनुकाभोवतीच्या द्विरुक्तींचा उलगडा केला. प्रक्षेत्राच्या आत राहिलेली द्विरुक्ती लिंगनिश्चितीत बदल घडविते. सीमा ओलांडणारी द्विरुक्ती एक नवेच प्रक्षेत्र निर्माण करते व निरुपद्रवी ठरते. तीच आणखी लांब होऊन केसीएनजे२ जनुकाला कवेत घेते तेव्हा नखे व बोटे यांची विकृती उद्भवते. द्विरुक्ती मोठी झाल्याने व्याधी नाहीशी व्हावी आणि आणखी मोठी झाल्याने दुसरीच व्याधी यावी, हे केवळ प्रती मोजून कधीच उमगले नसते. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

सीमेचा सिद्धांत : मर्यादा

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. काही निवडक स्थळी सिद्ध झालेली गोष्ट नियम म्हणून वापरली जाऊ लागते तेव्हा प्रश्न असा विचारावा लागतो की सीमा मोडली असता जनुकांची सक्रियता किती वेळा बदलते. २०१९ मध्ये आयलीन फर्लाँग यांच्या प्रयोगशाळेने याचे उत्तर शोधण्यासाठी फळमाशीचीच निवड केली, हा योगायोग स्टर्टेव्हंट यांना भावला असता. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या 'बॅलन्सर' गुणसूत्रांत व्युत्क्रम, लोप व द्विरुक्ती यांची गर्दी असते. त्यांतील कित्येक प्रक्षेत्रे विस्कळीत झाली होती. एकाच माशीतील मोडलेले गुणसूत्र व सामान्य गुणसूत्र यांची तुलना केली असता बहुसंख्य जनुकांची सक्रियता बदललेली आढळली नाही.

माशी आणि मानव यांच्या गुणसूत्रांत अंतर आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच वर्षी मुंडलोस यांच्याच गटातून, अलेक्झांड्रा डेस्पांग व सहकाऱ्यांचा निबंध आला. सॉक्स९ आणि केसीएनजे२ यांमधील सीमा व तेथील सीटीसीएफ-स्थळे उंदरातून काढून टाकली असता दोन्ही प्रक्षेत्रे एकमेकांत मिसळली. तथापि जनुकांच्या सक्रियतेवर मोठा परिणाम झाला नाही. व्युत्क्रमाने किंवा सीमा नव्या जागी बसवून नियंत्रकाचे तोंड दुसरीकडे वळविले, तेव्हा मात्र विकृती दिसली. ज्या स्थळाने सीमेच्या सिद्धांताला ख्याती मिळवून दिली, त्याच स्थळाने त्याची मर्यादाही दाखविली. आपल्याच निष्कर्षाला इतक्या थेटपणे तपासणाऱ्या या गटाचे विशेष कौतुक व्हावयास हवे. २०१७ मधील प्रयोगांत पेशींतील कोहेसिन काही तासांत नष्ट केले असता फास जवळजवळ सर्वत्र विरघळले, परंतु बहुतेक जनुकांच्या सक्रियतेत झालेले बदल माफकच होते.

हा विरोधाभास सोडविण्यासाठी 'सीमा' या शब्दाकडेच पाहावे लागते. मराठी वाचकाच्या मनात सीमा म्हटले की शेताचा बांध उभा राहतो. बांध डोळ्यांना दिसतो, तो जागेवर असतो, तो कोरला तर तंटा होतो. टॅडची सीमा तशी नाही. हाय-सीच्या नकाशातील सीमा ही लक्षावधी पेशींतील संपर्कांची सरासरी आहे. २०१८ मध्ये शाओवेई झुआंग यांच्या गटाने एकेका पेशीतील गुणसूत्राचे सूक्ष्म चित्रण केले असता प्रक्षेत्रांसारख्या रचना दिसल्या खऱ्या, परंतु त्यांच्या सीमा पेशीगणिक निराळ्या होत्या. ठरावीक जागी त्या अधिक वेळा आढळतात, एवढेच. म्हणजे सीमा ही भिंत नसून संभाव्यता आहे. ती काढल्याने शेजारच्या एन्हान्सरची भेट थोडी अधिक वेळा घडू शकते. त्या भेटीतून काही निष्पन्न होईल की नाही हे अन्य गोष्टी ठरवितात : तो एन्हान्सर त्या ऊतीत, त्या वयात जागा आहे काय, समोरच्या जनुकाचा आरंभबिंदू त्याला प्रतिसाद देऊ शकतो काय, ते जनुक आधीच रासायनिक मुद्रेने बंद आहे काय. मुलरच्या माशीच्या डोळ्यातील तांबडे व पांढरे ठिपके नेमके हेच सांगत होते.

आकड्यांचे भांडण

लोकसंख्येच्या पातळीवर रचनाबदलांचा वाटा किती, याविषयी दोन आकडे वारंवार उद्धृत केले जातात. बार्बरा स्ट्रेंजर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चार लोकसमूहांतील २१० व्यक्तींच्या पेशींचा अभ्यास करून, जनुकांच्या सक्रियतेतील जो आनुवंशिक फरक पकडता आला त्यापैकी १७.७ टक्के प्रतिसंख्येतील बदलांशी निगडित असल्याचे नोंदविले. कॉल्बी चियांग व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १३ ऊतींवरून काढलेला आकडा आहे ३.५ ते ६.८ टक्के. या दोन आकड्यांवरून रचनाबदलांचे महत्त्व घटल्याचा अर्थ काढणे हा शुद्ध गोंधळ आहे. पहिला आकडा सहसंबंधाचा आहे, दुसरा कारणत्वाच्या अनुमानाचा. पहिल्यात संवर्धित पेशींची एकच जात होती, दुसऱ्यात प्रत्यक्ष शरीरातील ऊती. शिवाय दुसऱ्या अभ्यासातच असे दिसले की रचनाबदल संख्येने थोडे असले तरी त्यांचा प्रत्येकी प्रभाव एकाक्षरी बदलांहून मोठा असतो.

याहून मूलभूत अडचण मोजणीच्या साधनाची आहे. १००० जीनोम प्रकल्पाच्या २०१५ मधील अहवालानुसार एका व्यक्तीत सुमारे २,१०० ते २,५०० रचनाबदल आढळतात. हे वाचन लघुखंडी तंत्राचे होते. २०१९ मध्ये मार्क चेसन व सहकाऱ्यांनी दीर्घखंडी व अन्य तंत्रे एकत्र वापरली तेव्हा तोच आकडा दर व्यक्तीमागे सरासरी २७,६२२ झाला. दहापट! माणसे बदलली नव्हती, चाळण बदलली होती. लघुखंडी वाचनात पुनरावृत्तीच्या प्रदेशांतील समावेश आणि व्युत्क्रम प्रामुख्याने निसटतात. भारतातील जिनोमइंडिया प्रकल्पाने सुमारे १० हजार व्यक्तींचे वाचन केले, ही मोठी कमाई आहे. पण ते वाचन लघुखंडी असल्याने, ज्या देशातील रुग्णांत १९८१ साली दोन लोप आणि एक व्युत्क्रम यांची गुंफण सापडली, त्या देशातील अशा गुंफणींची यादी त्यातून पूर्ण होणार नाही.

चाळणीचा दोष निष्कर्षाला कोठवर नेतो याचा दाखला लाळेतील अमायलेज या पाचकरसाच्या एएमवाय१ जनुकात आहे. जॉर्ज पेरी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले की या जनुकाच्या प्रती जितक्या अधिक, तितके लाळेत अमायलेज अधिक, आणि पिष्टमय आहार घेणाऱ्या समाजांत प्रतींची सरासरी जास्त. हे निरीक्षण टिकून आहे. परंतु २०१४ मध्ये प्रती कमी असणे आणि स्थूलता यांचा बळकट संबंध असल्याचा दावा झाला, त्याला प्रसिद्धीही मिळाली. २०१५ मध्ये क्रिस्टिना अशर व सहकाऱ्यांनी प्रतींची अधिक अचूक मोजणी केली असता तो संबंध आढळला नाही. प्रत वाढली म्हणजे उत्पादन वाढले, इथवर ठीक. उत्पादन वाढले म्हणजे देहाची घडण बदलली, ही उडी मोजणीतील त्रुटीवर उभी होती.

निदान-अहवाल आणि ऊतीचा प्रश्न

ही चर्चा प्रयोगशाळेपुरती असती तर तिची इतकी निकड नव्हती. गर्भजल-परीक्षेत अनपेक्षित व्युत्क्रम किंवा स्थानांतरण आढळते तेव्हा मात्र एका जोडप्याला काही आठवड्यांत निर्णय घ्यावा लागतो. डोरोथी वॉरबर्टन यांनी १९९१ मध्ये मोठ्या संख्येतील गर्भजल-परीक्षांच्या नोंदींवरून, आई-वडिलांत नसलेले व नव्याने उद्भवलेले संतुलित बदल असताना गंभीर जन्मजात दोषांचे प्रमाण परस्पर-स्थानांतरणात ६.१ टक्के व व्युत्क्रमात ९.४ टक्के असल्याचे दाखविले. व्युत्क्रमाची प्रकरणे मोजकीच असल्याने दुसरा आकडा जपून वापरावयाचा आहे. तथापि दहांपैकी नऊ गर्भांत उघड दोष दिसत नाहीत, ही बाजू समुपदेशनात तितक्याच ठळकपणे मांडली जावयास हवी.

क्लेअर रेडिन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जन्मजात दोष असलेल्या व संतुलित रचनाबदल बाळगणाऱ्या २७३ व्यक्तींचे तुटीचे बिंदू निश्चित केले. ३३.९ टक्के व्यक्तींत दोषाला कारणीभूत ठरू शकेल असे जनुक थेट छेदले गेले होते. ज्ञात व्याधिजनुकाचे प्रक्षेत्र विस्कळीत झाल्याने स्पष्टीकरण संभवते अशी प्रकरणे होती ७.३ टक्के, त्यांतील ८ एकट्या एमईएफ२सी या जनुकाभोवतीची. व्याधिग्रस्त म्हणून निवडलेल्या गटातही सीमाभंगाचा वाटा एवढाच भरतो. असे असता कोणत्याही निरोगी दिसणाऱ्या गर्भाच्या अहवालात 'बदल टॅडची सीमा ओलांडतो, सबब व्याधिकारक असू शकतो' या स्वरूपाचे विधान संगणकीय नकाशावरून केले जाणे समर्थनीय नाही. तो नकाशा बहुधा संवर्धित पेशींचा असतो. गर्भाच्या हाताचा, मेंदूचा किंवा हृदयाचा नसतो.

मूळ अडचण ऊतीत आहे. रुग्णाकडून सहज मिळते ते रक्त. बोटांची घडण ठरविणारी जनुके रक्तपेशींत बोलतच नाहीत. ती बोलतात गर्भाच्या अवयवकळीत, काही दिवसांपुरती, आणि मूल तपासणीस येईपर्यंत ती ऊती अस्तित्वातच नसते. म्हणून उंदीर घडवावा लागतो, आणि प्रत्येक कुटुंबामागे एक उंदीर घडविणे कोणत्याही रुग्णालयास शक्य नाही. थॅलेसेमियातील लोप व व्युत्क्रम यांचा उलगडा इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने झाला याचे एक कारण वैज्ञानिकांच्या कुशाग्रतेत आहे. दुसरे, ज्याची नोंद क्वचितच घेतली जाते, ते असे की तेथे बिघडलेले जनुक ज्या ऊतीत काम करते ती ऊतीच सुईने काढता येत होती.